घसा, सांधा आणि काळीज

दिवाळीच्या दिवसांत एकाचाही घसा धरला नाही असे घर महाराष्ट्रात विरळा. पहाटेचे अभ्यंगस्नान, भुईनळ्यांचा धूर, चकल्यांवर मारलेला यथेच्छ ताव आणि त्यावर गार पाणी! भाऊबीजेपर्यंत घरातली निम्मी माणसे खुणांनी बोलू लागतात. मग आजीच्या बटव्यातून ज्येष्ठमध बाहेर येतो, न्हाणीघरातून हळद-मिठाच्या गुळण्यांचा गुडगुडाट ऐकू येतो आणि चार दिवसांत सारे पूर्ववत होते. पोटदुखीला आपण मान देतो, डोकेदुखीला तर फारच देतो. घसादुखीला मात्र आपण नेहमी किरकोळीत काढत आलो.

या किरकोळ दुखण्याच्या इतिहासाने मला गेली कित्येक वर्षे झपाटले आहे. मी डॉक्टर नव्हे. इतिहासाचा मास्तर म्हणून आयुष्य गेले. सनावळ्या पाठ करणे आणि पोरांकडून करवून घेणे हाच धंदा. पण एका जंतूच्या सनावळीने मला जितक्या रात्री जागवले तितक्या पानिपतानेही जागवले नाही. असे का, ते पुढे ओघाने येईल.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. दिवाळीत धरणाऱ्या बहुतेक घशांचा या कहाणीशी काही संबंध नाही. धुराने घसा खवखवतो तो वेगळा, आणि सर्दी-पडशाबरोबर येणारी घसादुखी विषाणूंची असते. तिला शिंका, खोकला, नाकाचे पाणी, बसलेला आवाज असा सारा लवाजमा असतो. परंतु पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, दुखऱ्या घशांपैकी साधारण चारांतला एक निराळ्याच जातीचा निघतो. याला सर्दी-खोकल्याची साथ बहुधा नसते. ताप एकाएकी चढतो, थुंकीचा घोटही गिळवत नाही, जबड्याखाली दुखऱ्या गाठी येतात, आणि तोंड उघडून पाहावे तर टॉन्सिल लालभडक, त्यांवर पांढुरके ठिपके. आता मौज अशी की – मौज कसली, घात असा की – हा घसासुद्धा औषधावाचून पाच-सात दिवसांत आपला आपण बरा होतो. मूल खेळायला पळते, आई निःश्वास सोडते. शेकडो वर्षे माणूस फसला तो येथेच.

या घशाच्या धन्याला नाव मिळाले ते व्हिएन्ना शहरात. थिओडोर बिलरोथ हा तेथला गाजलेला शल्यवैद्य. संगीताचा एवढा दर्दी की ब्राह्म्ससारखा संगीतकार त्याचा जिवलग मित्र होता. जखमांतला पू आणि धावऱ्याने सुजलेली कातडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्याला बारीक गोल कणांच्या वळणदार माळा दिसल्या. १८७४ साली त्याने ग्रीक भाषेतून नाव काढले, स्ट्रेप्टोकॉकस. वळलेल्या साखळीतले दाणे, असा त्याचा अर्थ. एकेक दाणा एवढा लहान की हजारभर दाणे एका ओळीत मांडले तर ती ओळ जेमतेम एक मिलिमीटर भरेल. पुढे १८८३ साली फेहलायझेनने धावऱ्यातून हा जंतू वेगळा काढून वाढवला, आणि पुढल्याच वर्षी रोझेनबाखने त्याच्या नावाला ‘पू उत्पन्न करणारा’ अशा अर्थाचे शेपूट जोडले. तेच नाव आजही चालते.

पण नाव मिळण्यापूर्वीच त्याची पापे भरत आली होती, आणि त्यांतले सर्वांत मोठे घडत होते ते बाळंतिणीच्या खाटेशी. त्याच व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बिलरोथच्या आधी एक पिढी इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण हंगेरियन डॉक्टर काम करीत होता. तेथे प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात सूतिकाज्वराने इतक्या बाया दगावत की गावातल्या गरीब बायका तेथे दाखल करू नका म्हणून हातापाया पडत. १८४७ च्या मार्चमध्ये सेमेलवाइसचा एक स्नेही डॉक्टर शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागल्याचे निमित्त होऊन वारला, आणि त्याच्या शरीरात सापडल्या त्या अगदी बाळंतिणींच्याच शरीरात सापडणाऱ्या खुणा. सेमेलवाइसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विद्यार्थी प्रेते फाडून तेच हात घेऊन बाळंतिणीकडे येतात! त्याने दाराशी क्लोरीनच्या चुन्याचे पाणी ठेवले आणि हात धुतल्यावाचून कोणाला आत सोडीनासा झाला. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरांत १८ बाया मेल्या होत्या. जून-जुलैत हा आकडा तिनाच्या खाली आला.

याबद्दल त्याला काय मिळाले? आपल्याच हातांनी आपण बाया मारल्या हे कबूल करायला कोणता प्रतिष्ठित डॉक्टर तयार होईल? त्याची टर उडवली गेली, त्याचा स्वभाव कडवट होत गेला, आणि १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात, जखमेतून विष भिनून, तो मेला. ज्या शत्रूशी तो झुंजला त्याचे तोंड त्याने कधी पाहिले नाही.

ते तोंड फळ्यावर काढून दाखवले पाश्चरने. १८७९ चा मार्च महिना. पॅरिसच्या वैद्यक अकादमीत एक विद्वान सूतिकाज्वराच्या कारणांवर विस्ताराने बोलत होते. लुई पाश्चर हा काही वैद्य नव्हे, रसायनाचा माणूस. शिवाय अर्धांगाच्या झटक्यापासून लंगडत चालणारा. त्याला ते ऐकवेना. भाषण मध्येच तोडून तो म्हणाला की हा रोग दुखणाईत बाईपासून निरोगी बाईकडे डॉक्टर आणि त्यांचे मदतनीसच वाहून नेतात. वक्त्याने यावर शंका काढली की तो जंतू कधी सापडेलसे वाटत नाही. तेव्हा पाश्चर उठला, लंगडत फळ्याशी गेला आणि खडूने मण्यांची एक माळ काढून म्हणाला, हा पाहा तो. भाषणात मध्येच बोलू नये असे मी वर्गात पोरांना नेहमी सांगत आलो. पण हा अपवाद मी मनातल्या मनात कायम मान्य केलेला आहे.

बाळंतिणीच्या खाटेवरून ही माळ आता मुलांच्या बिछान्याशी नेली पाहिजे. युरोपात लोहितांग ज्वर नावाचा एक मुलांचा रोग होता. आधी घसा दुखतो, ताप भरतो, मग सर्वांगावर बारीक लाल पुरळ उठून कातडी शेंदरासारखी दिसू लागते आणि जीभ लालबुंद होते. गेल्या शतकाच्याही मागल्या शतकात या रोगाने जी घरे ओसाड केली त्यांची वर्णने वाचवत नाहीत. इंग्लंडच्या उत्तरेस कार्लाइल येथे टेट नावाचे मुख्य धर्मोपदेशक होते. १८५६ च्या मार्च-एप्रिलमध्ये, पाचेक आठवड्यांच्या आत, त्यांच्या पाच मुली एकामागून एक या ज्वराने गेल्या. उरला तो एक मुलगा आणि नुकतीच जन्मलेली एक तान्ही मुलगी. हेच टेट पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. पण त्या पाच आठवड्यांनंतर त्या घरात सणाचा दिवस कसा उगवत असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

दोन वर्षांनी, १८५८ च्या जूनमध्ये, चार्ल्स डार्विनचे दीड वर्षाचे धाकटे मूल याच रोगाने दगावले. त्याच दिवसांत वॉलेसचे ते प्रसिद्ध पत्र येऊन डार्विनच्या टेबलावर पडले होते. १ जुलै रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेख वाचले गेले आणि जीवसृष्टीचा इतिहासच पालटला. पण त्या सभेला डार्विन हजर नव्हता. तीनच दिवसांपूर्वी त्याचे मूल गेले होते.

या ज्वराचा धनी कोण, हे ठरायला १९२३ साल उजाडले. शिकागोच्या जॉर्ज आणि ग्लॅडिस डिक या डॉक्टर दांपत्याने सिद्ध केले की लोहितांग ज्वर म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपला माळेचाच जंतू घशात बसून अंगात लाल विष सोडतो तो प्रकार. पुढे आणखी एक गंमत उघडकीस आली. ते विष तयार करण्याची विद्या त्या जंतूची स्वतःची नव्हेच. त्याला जडलेल्या एका विषाणूने ती त्याला दिलेली असते. म्हणजे चोराच्या घरी राहायला आलेल्या दुसऱ्या चोराने शिकवलेली चोरी! घटसर्पाशी या घशाची जी गल्लत होत असे ती मात्र त्याआधीच, १८८४ साली, जर्मनीच्या लोफ्लरने सोडवली होती.

एव्हाना वाचकांच्या मनात प्रश्न आला असेल की कातडीवरचा धावरा, बाळंतिणीचा ज्वर, मुलांचा लोहितांग ज्वर आणि साधा दुखरा घसा, हे सगळे एकाच जंतूचे काम कसे? हाच प्रश्न रिबेका लान्सफील्ड या अमेरिकन बाईंना पडला आणि त्याच्या पाठीमागे त्यांनी सारा जन्म घालवला. १९१८ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्या न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत लागल्या. काम होते पहिल्या महायुद्धातल्या लष्करी छावण्यांतून आलेले माळेचे जंतू तपासण्याचे. रक्त मिसळलेल्या खळीच्या थाळीवर हे जंतू वाढवले की त्यांतले काही आपल्याभोवतीचे रक्त खाऊन स्वच्छ पारदर्शक कडे पाडतात, एवढे ठाऊक झाले होते. परंतु कडे पाडणारे सगळेच एका घराण्याचे नसतात. १९३३ साली बाईंनी त्यांच्या अंगावरच्या शर्करेवरून त्यांची अ, ब, क अशी गटवार मांडणी केली. माणसाच्या घशात धुमाकूळ घालणारा तो ‘अ’ गटाचा. मग त्या ‘अ’ गटातही त्यांनी पोटभेद दाखवले. जंतूच्या अंगावर केसांसारखे उभे राहिलेले ‘एम’ नावाचे एक प्रथिन असते. त्याच्या जोरावर तो आपल्या रक्तातल्या पहारेकऱ्यांना चकवतो. या प्रथिनाचे प्रकार एक-दोन नव्हेत. आज ते दोनशेच्या वर मोजले गेले आहेत. एका प्रकाराशी शरीराने झुंज देऊन विजय मिळवावा तर दुसरा प्रकार पुढल्या हिवाळ्यात दाराशी हजर. मुलांचा घसा पुन्हा पुन्हा का येतो, याचे उत्तर त्या शेपटांत आहे.

देशोदेशींचे डॉक्टर कोडे पडले की जंतूची नळी बाईंकडे धाडून देत. त्यांच्या प्रयोगशाळेला लोक स्ट्रेप्टोकॉकसच्या गुन्ह्यांचे स्कॉटलंड यार्ड म्हणत. १९८० पर्यंत, म्हणजे पंच्याऐंशी वर्षांच्या होईतो, त्या कामावर जात होत्या. नाताळच्या सुमारास सहकाऱ्यांसाठी त्या घरच्या कृतीने अंडी घातलेले एक मादक पेय करीत, आणि त्याचीही कीर्ती त्यांच्या शोधांपेक्षा फारशी कमी नव्हती असे म्हणतात.

आता मला या जंतूचे वेड का लागले ते सांगतो. आमचे घर वाईचे. माझी एक धाकटी आत्या होती; तिला आम्ही ताईआत्या म्हणत असू. १९४६ च्या सुमारास, ती अकरा वर्षांची असताना, तिचा घसा धरला आणि ताप आला. चिंचा खाल्ल्या म्हणून, घाटावर भिजली म्हणून, अशी बोलणी तिने खाल्ली आणि आठ दिवसांत ती बरीही झाली. सुमारे तीन आठवड्यांनी तिचा उजवा गुडघा सुजला. दोन दिवसांनी तो उतरला तर डावा घोटा सुजला, मग कोपर. वात आहे म्हणून निर्गुडीचा पाला बांधला, एरंडेल चोळले. महिन्या-दीड महिन्यात तेही गेले. घशाची आठवण तेव्हा कोणाला यायची? पुढे तिचे लग्न झाले, कऱ्हाडला दिली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिला माडीचा जिना चढवेना. रात्री ती आडवी होत नसे, उशांना टेकून बसे. साताऱ्याहून डॉक्टर आणले. त्यांनी नळी लावून बराच वेळ ऐकले आणि आजोबांना बाहेर बोलावून सांगितले की हिच्या काळजाची झडप लहानपणीच आवळली आहे. १९५६ च्या श्रावणात ती गेली. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि मी नऊ वर्षांचा. झडप म्हणजे काय, हे मला कोणी सांगेना. आमच्या कोठाराला एक झडप होती. मी तिच्यापुढे जाऊन बसत असे.

घसा, सांधा आणि काळीज ही तीन ठाणी एका रस्त्यावर आहेत, हे शोधायला जगाला सव्वाशे वर्षे लागली. १८१६ साली लायनेकने छाती ऐकण्याची नळी शोधली, आणि तिच्या जोरावर त्याच्याच देशाच्या बुइयोने १८३६ मध्ये दाखवून दिले की सांधे सुजवणाऱ्या ज्वरात काळीजही बहुधा दुखावते. दोन ठाणी जोडली गेली. तिसरे मात्र जुळेना. १८८० मध्ये लंडनच्या फाउलर नावाच्या डॉक्टरने लिहिले की सांधे धरण्यापूर्वी पुष्कळांचा घसा दुखलेला असतो. पण त्याला पुरावा काय? सुजलेल्या सांध्यात सुई घालून पाणी काढले तर त्यात जंतू नाही. रक्तात पाहिले तर तेथेही नाही. घशात पाहावे तर तोवर घसा निर्मळ झालेला! चोरी झाली त्या घरी चोर कधी सापडतच नव्हता.

हे कोडे १९३१ साली न्यूयॉर्कचा कोबर्न आणि लंडनचा कॉलिस यांनी स्वतंत्रपणे सोडवले. त्यांनी दिवस मोजले. रुग्णालयातल्या, शाळांतल्या मुलांचे घसे नेमाने तपासून टिपणे ठेवली, तेव्हा दिसले की ‘अ’ गटाच्या घशानंतर दोन-तीन आठवडे अगदी स्वस्थतेचे जातात आणि मग संधिज्वर येतो. ती मधली स्वस्थताच आजवर सर्वांना चकवीत आली होती. पुढे १९३२ मध्ये टॉडने रक्ताची एक परीक्षा बसवली. जंतू निघून गेला तरी त्याच्याविरुद्ध शरीराने उभारलेली फौज रक्तात मागे राहते, ती मोजण्याची. तेव्हापासून गेलेल्या चोराचा माग लागू लागला.

मग काळजात शिरते कोण? जंतू नव्हे. आपलीच फौज. त्या ‘एम’ प्रथिनाचा चेहरामोहरा आपल्या हृदयातल्या काही प्रथिनांशी जुळतो. शिपायांनी चोराचे वर्णन पाठ केलेले असते. चोर पसार झाल्यावर ते गावभर हिंडतात आणि वर्णन जुळते म्हणून घरधन्यालाच धरून झोडपतात. हे सगळ्यांच्याच बाबतीत घडत नाही. साथीच्या दिवसांत उपचार न झालेल्या शंभरांत दोघा-तिघांच्याच वाट्याला ते येते. सांध्यांवरचा मार काही दिवसांत मागमूस न ठेवता जातो. पण झडपांवर वण पडतात, त्या जाड होतात, कडेने एकमेकींस चिकटतात, आणि आवळत जायला त्यांना दहा-वीस वर्षांची सवड असते. बाळंतपणात रक्ताचा भार वाढला की ती अरुंद वाट पुरी पडत नाही. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सौटर या शल्यवैद्याने एका कोवळ्या मुलीच्या चालत्या हृदयात बोट घालून तिची झडप मोकळी केली होती. मुलगी वाचली; पण त्याच्याकडे दुसरा रोगी म्हणून कोणी धाडला नाही. त्या शस्त्रक्रियेला पुन्हा वाट मिळायला दुसरे महायुद्ध संपावे लागले.

औषधाची कथा तेवढीच थरारक आहे. जर्मनीत एल्बरफेल्ड येथे बायरच्या कारखान्यात गेरहार्ड डोमाक रंगद्रव्यांचे प्रयोग करीत होता. पहिल्या महायुद्धात त्याने जखमा सडून मरणारे सैनिक पाहिले होते. १९३२ च्या डिसेंबरात माळेच्या जंतूंनी ग्रासलेल्या उंदरांना त्याने एक तांबडा रंग दिला. रंग घेतलेले उंदीर जगले, न घेतलेले मेले. त्याच सुमारास, म्हणजे पुढल्या दोन-तीन वर्षांत, त्याची लहानगी मुलगी पडून हातात सुई घुसली आणि हात असा चिघळला की डॉक्टर तो कापण्याच्या गोष्टी करू लागले. बापाने प्रयोगशाळेतला तांबडा रंग आणून तिला दिला. मुलगीही वाचली, हातही वाचला. हेच ते प्रॉन्टोसिल. १९३६ मध्ये लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात कोलब्रुकने ते सूतिकाज्वराला दिले, आणि जेथे पूर्वी शंभरांत वीसहून अधिक बाया दगावत तेथे तो आकडा पाचांच्या आत आला. सेमेलवाइसची आठवण त्या दिवशी कोणाला झाली असेल काय? डोमाकला १९३९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, पण हिटलरच्या राज्यात ते घेण्याची मुभा नव्हती; गुप्त पोलिसांनी त्याला पकडून नेले आणि नकाराच्या पत्रावर त्याची सही घेतली. १९४७ मध्ये त्याला पदक मिळाले, पैसे नाहीत.

त्यानंतर आले पेनिसिलिन. १९४२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन येथे अ‍ॅन मिलर नावाची बाई गर्भपातानंतर रक्तात माळेचे जंतू भिनून महिनाभर तापाने फणफणत होती. तिला हे औषध टोचले आणि रात्रीत ताप उतरला. औषध एवढे दुर्मिळ की तिच्या लघवीतून ते परत काढून घेण्यासाठी लघवी जपून ठेवली गेली! त्या बाई पुढे नव्वद वर्षांच्या होऊन १९९९ मध्ये वारल्या.

परंतु माझ्या दृष्टीने या इतिहासातली सर्वांत मोठी लढाई झाली ती वायोमिंग प्रांतातल्या शायेन गावाजवळ, फोर्ट वॉरन नावाच्या लष्करी तळावर. तेथे देशभरातून नवे रंगरूट येत, बराकींतून खाटेला खाट लावून झोपत, आणि हिवाळ्यात त्यांचे घसे धरत. १९४९ मध्ये चार्ल्स रॅमेलकँप यांच्या नेतृत्वाखाली डेनी, वॉनमेकर वगैरे तरुण डॉक्टर तेथे तळ देऊन बसले. प्रश्न साधा होता. काळजाचे दुखणे घशातच अडवता येईल काय? दुखऱ्या घशाच्या ७९८ सैनिकांना त्यांनी पेनिसिलिन टोचले. ८०४ जणांना टोचले नाही. टोचलेल्यांपैकी दोघांना संधिज्वर झाला. न टोचलेल्यांपैकी सतरा जणांना. १९५० साली हे आकडे छापले गेले आणि एका ओळीत जुन्या कोड्याचा निकाल लागला.

हे आकडे मी वहीत उतरवून ठेवले आहेत. विद्येच्या दृष्टीने ते लखलखीत आहेत. पण औषध हाताशी असता ते न मिळालेल्या त्या सतरा पोरांचे काय, हा प्रश्न मला सोडीत नाही. ते औषध काळजाला वाचवते हे तेव्हा सिद्ध व्हायचे होते, आणि तुलना केल्याखेरीज ते सिद्ध झाले नसते, हा युक्तिवाद मला समजतो. समजतो, पण पुरता पचत नाही.

त्याच तळावर आणखी दोन गोष्टी कळल्या. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी काळीज वाचते. म्हणजे दार बरेच दिवस उघडे असते. दुसरी गोष्ट, रोग्याचे पांघरूण वापरल्याने हा रोग लागत नाही. तो लागतो शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या श्वासातून. खाटा जितक्या जवळ तितका रोग अधिक. श्रीमंत देशांतून संधिज्वर पेनिसिलिनच्या आधीपासूनच ओसरू लागला होता, त्याचे कारण बहुतांशी हेच असावे की तेथली माणसे ऐसपैस घरांत राहू लागली. उष्ण मुलखांत हा रोग नसतोच, अशी समजूत एके काळी पुष्कळ पाश्चात्त्य डॉक्टरांनी करून घेतली होती. एका खोलीत दहा माणसे झोपणाऱ्या आमच्या मुंबईच्या चाळींतून त्यांनी नळी घेऊन एक फेरी मारली असती तर ती समजूत टिकली नसती.

आपल्याकडे पेनिसिलिन बनू लागले ते पुण्याजवळ पिंपरीला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून औषध बाहेर पडू लागले. पिंपरी आमच्या वाईपासून शंभरेक किलोमीटर. ताईआत्याच्या त्या घशाला तोवर नऊ वर्षे होऊन गेली होती. १९४६ मध्ये घशाचा आणि काळजाचा हा हिशेब जगात कोणीच मांडून दाखवला नव्हता, त्यामुळे दोष द्यावा असे कोणी नाही. आजीच्या निर्गुडीलाही नाही.

आज हिशेब स्पष्ट आहे. सर्दी-खोकल्यावाचून ताप आणि गिळवत नाही असा मुलाचा घसा असेल तर डॉक्टर कापसाच्या बोळ्यावर घशातला स्राव घेऊन जंतू पाहतात, आणि तो ‘अ’ गटाचा निघाला तर दहा दिवस पेनिसिलिनच्या घराण्यातले औषध देतात. तिसऱ्या दिवशी मूल उड्या मारू लागले तरी दहा दिवस पुरे करायचे, कारण औषध घशासाठी नसतेच. उलट, विषाणूच्या घशाला मनानेच दुकानातून आणलेल्या गोळ्या चारणे हा निव्वळ अविचार. ज्याला एकदा संधिज्वर होऊन गेला त्याला तीन-चार आठवड्यांनी एकदा सावकाश मुरणाऱ्या पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे घ्यावी लागते. सुई दुखते, आणि पुष्कळ मुले मध्येच सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साडेपाच कोटींच्या वर माणसे अशी वण पडलेली काळजे घेऊन जगत आहेत.

नवल हे की, इतर जंतू औषधाला निर्ढावत गेले, पण पेनिसिलिनपुढे टिकेल असा ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस ऐंशी वर्षांत कोठल्याही रोग्यात सापडलेला नाही. लस मात्र अजून नाही. १९६० नंतरच्या काही वर्षांत ती करून पाहण्यात आली, तेव्हा लस टोचलेल्या काही मुलांनाच संधिज्वर झाला. शिपायांना चोराचे चित्र दाखवावे तर ते घरधन्यावर धावत! अमेरिकेच्या सरकारने १९७९ साली अशा लसींवर बंदीच घातली. ती उठायला पाव शतक गेले. आता लान्सफील्डबाईंच्या त्या ‘एम’ प्रथिनाचे बारीक तुकडे पाडून तपासणे चालू आहे. तुकडा असा हवा की जंतूला नेमका ओळखावा, आणि काळजाशी त्याची कसलीही ओळख नसावी.